किनाऱ्यावरचं बचाव पथक: आधी काम कोणतं ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. श्रीवर्धनकडच्या एका गावातली चौदा मुलं, बहुतेक ट्रेकिंगवाली, सगळ्यांना पोहता येतं. दर मोसमात कुणी ना कुणी पर्यटक बुडतो, म्हणून गावाचं स्वतःचं बचाव पथक काढायचंय. वर्गणीतून सहा लाख जमतील असा अंदाज आहे. जेट स्की घ्यावी की ड्रोन? कोर्स कोणता करावा? आणि एका मुलाचं वय १७ आहे, त्याला घ्यावं का?

मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावर अठरा वर्षं हे काम करतोय. पोटापाण्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, त्यामुळे यंत्रांचं मला वावडं नाही. तरी जेट स्कीकडे शेवटी येतो, कारण तुमची खरी अडचण वेगळीच आहे आणि प्रश्नात ती आलेलीच नाही.

बुडणारा माणूस ओरडत नाही. सिनेमात हात हलवून हाका मारतात तसं काही होत नसतं. माणूस पाण्यात उभा असतो, तोंड पाण्याखाली जातं, वर येतं, पुन्हा जातं. हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात. तोंड वर आलं की श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, ओरडणार कधी? हा प्रकार वीस सेकंद ते फार तर मिनिटभर चालतो, मग माणूस खाली. आता तुमची चौदा मुलं त्या वेळी कुठे असतील बघा. कुणी दुकानात, कुणी सुपारीच्या वाडीत, कुणी म्हसळ्याला कामावर. फोन येऊन, गाडी काढून, पुळणीवर पोचेपर्यंत दहा मिनिटं सहज जातात. म्हणजे तुम्ही बुडणाऱ्याला वाचवायला निघाल, पण पोचाल हरवलेल्याला शोधायला.

ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांची माणसं वेगळी, शिकवायचं वेगळं, सामान वेगळं. आमची पहिली दोन वर्षं हे न कळल्यामुळे वाया गेली. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, पाठीवर नाव छापलेले टी-शर्ट घातले, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मृतदेहच बाहेर काढला. गोव्यात २००८ पासून दृष्टी या कंपनीचे पगारी जीवरक्षक दिवसभर किनाऱ्यावर उभे असतात ते याचसाठी. ब्रिटनची आरएनएलआय ही समुद्री बचाव संस्था १८२४ पासून मुख्यतः स्वयंसेवकांवर चालते, पण तिथेही लाइफबोटवर जाणारे लोक पेजर वाजला की घरून धावत येतात, आणि किनाऱ्यावर लक्ष ठेवणारे जीवरक्षक वेगळे, बहुतेक पगारी असतात. दोन्ही कामं एकाच गटाच्या गळ्यात घालायची नाहीत.

मग पहिलं काम कोणी करायचं? जो आधीच तिथे आहे त्याने. शहाळीवाला, घोडागाडीवाला, भेळेची गाडी, वॉटर स्पोर्ट्सची पोरं, फोटो काढून देणारे. या लोकांना दोन दुपारी बसवून शिकवा आणि प्रत्येकाच्या गाडीवर एक दोर टांगा. आमच्याकडच्या एका शहाळीवाल्याने आजवर सहा जणांना ओढून काढलंय, स्वतःची लुंगी गुडघ्याच्या वर भिजू न देता. आमच्या अख्ख्या पथकाच्या नावावर तेवढे जिवंत लोक नाहीत.

त्या दोराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच चुकतात. दोर पंधरा ते वीस मीटर लांब आणि तरंगणारा हवा. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं; बंदरावरच्या जाळ्यांच्या दुकानात दोन्ही मिळतात, विकत घेण्याआधी तुकडा बादलीत टाकून बघा. थ्रो बॅग, म्हणजे दोर भरलेली फेकायची पिशवी, घेता आली तर उत्तम. नसेल तर पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन घ्या, त्यात तळाला चार बोटं पाणी ठेवा आणि झाकण घट्ट लावून मुठीला दोर बांधा. रिकामा कॅन समोरच्या वाऱ्यात परत तुमच्याच तोंडावर येतो, थोडं पाणी असलं की नीट जातो. फेकायचं माणसाच्या अंगावर नाही, त्याच्या डोक्यावरून पलीकडे. म्हणजे दोर खांद्यावर पडतो आणि हाताशी लागतो. घाबरलेला माणूस दोन हात लांबची वस्तूही धरायला जात नाही. त्याने धरलं की फेकणाऱ्याने खाली बसायचं, टाचा वाळूत रोवायच्या. उभं राहिलात तर तोच तुम्हाला आत ओढेल. पहिली फेक चुकली तर दोर नीट गुंडाळत बसू नका, भराभर ओढा, पिशवी असेल तर तिच्यात पाणी भरू द्या आणि तसाच ओला गठ्ठा पुन्हा फेका. हे सगळं ऐकायला सोपं आहे. आमच्या पहिल्या सरावात बारा जणांतल्या आठांनी दोराचं दुसरं टोकही सोबत फेकून दिलं होतं.

आधी काठी, मग दोर, मग होडी, आणि काहीच जमलं नाही तर माणूस. आणि माणूस गेलाच तर हातात तरंगणारी वस्तू घेऊनच. याला अपवाद नाही. पहिल्या वर्षी मी रिकाम्या हाताने एकाला आणायला गेलो होतो. त्याने मानेला मिठी मारली. माझ्यापेक्षा तो वीस किलो हलका असेल, पण ती मिठी सुटेना. शेवटी मी त्याच्यासकट खाली डुबकी मारली, तेव्हा कुठे सोडलं त्याने. बुडणाऱ्याला वर जायचं असतं, तुम्ही खाली गेलात की तो सोडतो. हे मला माहीत होतं म्हणून मी आज उत्तर लिहितोय. आता आमच्याकडे कोणीही, कितीही मोठा पोहणारा असो, रेस्क्यू ट्यूबशिवाय, म्हणजे बुडणाऱ्याला धरायला द्यायच्या तरंगत्या नळीशिवाय, पाण्यात जात नाही, आणि गेला तर महिनाभर त्याला काठावर बसवतो. एकदा आमच्या सगळ्यात तरबेज पोराला बसवलं होतं. तो चार आठवडे माझ्याशी बोलला नाही.

‘सगळ्यांना पोहता येतं’ या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही, राग मानू नका. आपल्याकडे मुलं पाठीला भोपळा नाहीतर सुकड, म्हणजे हलकं वाळकं लाकूड, बांधून विहिरीत शिकतात. विहिरीला कठडा असतो आणि पाणी जागच्या जागी असतं. आमची चाचणी अशी: समुद्रात ४०० मीटर न थांबता, मग पंधरा मिनिटं पाठीवर तरंगत, मग आपल्याएवढ्या वजनाच्या माणसाला ट्यूबने ५० मीटर ओढत. बावीस जणांत पहिल्यांदा नऊ पास झाले. नापासांना काढलं नाही, काठावरची कामं दिली, आणि खरं सांगतो, त्यातलेच काही पुढे सगळ्यात उपयोगी ठरले. ट्रेकिंगवाल्यांना दोरकाम येतं, स्ट्रेचर उचलता येतं, अंधारात डोकं शांत ठेवता येतं. खडपावर अडकलेल्याला काढायचं असेल तर तुमची मुलं आमच्यापेक्षा सरस ठरतील. फक्त लाटांत उतरताना डोंगरातली सवय नको: कमरेला गाठ मारून दोर बांधायचा नाही. ओढ लागली तर तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

आता पाणी वाचायला शिकणं. याला कोर्स पुरत नाही, गावातला एखादा म्हातारा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, गाठा. त्याला तिथीची पाऊणपट तोंडपाठ असते. तिथीचा आकडा घ्यायचा, पाऊणाने गुणायचा, येतील तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. तंतोतंत नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, छापील कोष्टक हाताशी हवंच. पण मोबाइल बंद असतानाही चालतं.

या हिशोबातून एक गोष्ट बाहेर पडते, ती तुमच्या चौदाही जणांना पाठ हवी. पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याएवढं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे उतरायच्या पाण्यातलं निम्मं मधल्या दोन तासांत जातं. उधाणाच्या दिवशी सव्वाअकराची भरती धरा. मधले दोन तास येतात दुपारी सव्वाएक ते सव्वातीन. पर्यटकांची जेवणं उरकून, कुणाची बिअर पिऊन, पाण्यात उतरायची वेळ हीच. खाडीच्या मुखाशी तर तेव्हा नदीसारखं पाणी बाहेर धावत असतं. आमची गस्त आम्ही कॅलेंडरच्या रविवारावर न लावता यावर लावतो: उधाणाच्या आसपास सुट्टी आली की दुपारी बारा ते चार.

पण तिथीवर विसंबूनही चालत नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडून गेले. ना पावसाळा, ना उधाण. तिथी अष्टमीच्या आसपासची, म्हणजे भांग, भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते ते दिवस. म्हणून आपल्या किनाऱ्यावर ओढ, म्हणजे माणसाला समुद्रात खेचणारा प्रवाह, कुठे लागते ते डोळ्यांनी ओळखता आलं पाहिजे. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधे एक पट्टा शांत दिसतोय, पाणी थोडं गढूळ, वर फेसाची रेघ आत जातेय, तर तीच ओढ. नवखा माणूस नेमका तो शांत पट्टा बघून उतरतो. खात्री करायची तर नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, टाका आणि कुठे जातं बघा. आमच्याकडे दर पावसाळ्यानंतर वाळू सरकते, त्यामुळे ओढीच्या जागा बदलतात. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या ओहोटीला आम्ही किनारा चालून नवीन नकाशा काढतो आणि हॉटेलवाल्यांना देतो.

दुसरं काम, शोधाचं. इथे तुमचं पथक खरं कामाला येईल. पहिला नियम: ज्याने शेवटचं पाहिलं त्याला जागेवरून हलू द्यायचं नाही. तो घाबरून इकडेतिकडे धावतो, आणि दहा मिनिटांनी ‘इथेच कुठेतरी’ म्हणतो. त्याला उभा करा, त्या दिशेला बोट रोखून ठेवायला सांगा, त्याच्या पायाशी काठी रोवा. दुसरा साक्षीदार मिळाला तर त्याचंही तसंच करा. दोन रेषा जिथे छेदतात ती जागा. होडी असेल तर तिथे लगेच नांगर बांधलेला बोया टाका, आणि शेजारी एक सुटा. सुटा बोया कुठे जातो त्यावरून पाणी कुठे नेतंय याचा अंदाज येतो. मात्र वर तरंगणाऱ्या वस्तूवर वाराही काम करतो आणि बुडालेल्या माणसावर फक्त प्रवाह, हे विसरू नका. त्याच वेळी एकाला हॉटेलवर पाठवा. हसू नका. तीन वेळा आमचा ‘हरवलेला’ माणूस खोलीत झोपलेला सापडलाय.

कळवायला उशीर करू नका, आपण शोधून बघू मग फोन करू असं तर अजिबात नको. तटरक्षक दलाचा समुद्री शोध-बचावाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, एरवी ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७. होडीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. सेट घेताना परवान्याचं आधी बघा. सांगायचं क्रमाने: कुठे, काय झालं, किती माणसं, किती वाजता, तुमचा नंबर. यात ‘कुठे’ला लोक हमखास घोळ घालतात. फोनवर १७.७५ अंश दिसतं आणि जीपीएसवर १७ अंश ४५ मिनिटं, जागा एकच. पण कुणी १७ अंश ४५ मिनिटांचं १७.४५ केलं की १८ सागरी मैलांची, म्हणजे जवळजवळ ३३ किलोमीटरची चूक होते. आमच्या सरावात एका शिक्षकानेच ती केली होती. त्यामुळे आकडे सांगताना ‘अंश’, ‘मिनिटं’, ‘पॉइंट’ हे शब्द तोंडाने उच्चारायचे आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचे.

बाहेर काढलेल्या माणसाचं काय करायचं, यावर गावागावात अजून भयंकर प्रकार चालतात. पालथा घालून पोट दाबणं, खांद्यावर घेऊन गरगर फिरवणं. पोटातलं पाणी काढण्यात गेलेला प्रत्येक सेकंद वाया, वर उलटी श्वासात जाते ती वेगळीच. बुडालेल्याला हवा कमी पडलेली असते, म्हणून आधी श्वास. उताणा झोपवा, हनुवटी वर, नाक दाबून तोंडाने पाच श्वास. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत, मग २ श्वास, पुन्हा ३०. तोंडातून फेस येत राहतो, पुसत बसू नका. मी लिहिलेलं वाचून हे येणार नाही. रुग्णालयातून किंवा रेड क्रॉसकडून सरावाचा पुतळा आणून, गुडघे दुखेपर्यंत करावं लागतं, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा. आणि शुद्धीवर असलेला माणूस ‘मी ठीक आहे, आता घरी जातो’ म्हणाला तरी पाणी छातीत गेलं असेल, खोकत असेल, तर दवाखान्यात न्यायचाच. त्रास काही तासांनी वाढू शकतो.

कोर्सबद्दल. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षक आणि पॉवरबोटचे कोर्स आहेत, राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीही जीवरक्षकाचं शिक्षण देते. चौदाच्या चौदा पाठवू नका, तिघांना पाठवा आणि त्यांनी बाकीच्यांना शिकवावं. तहसील कार्यालयात आपदा मित्र या आपत्तीतल्या स्वयंसेवकांच्या सरकारी योजनेची चौकशी करा. ओळखपत्र असलं की पोलीस तुम्हाला गर्दीतून आत सोडतात, आणि हा फायदा छोटा नाही. ग्रामपंचायतीचा ठराव आणि पोलीस ठाण्यात लेखी पत्र सुरुवातीलाच करून घ्या. मृतदेह सापडला तर पंचनाम्यात तुमची नावं येणार आहेत, ती अनोळखी म्हणून येऊ नयेत.

आता जेट स्की. किती सराव करणार, इंजिन कोण सांभाळणार, विमा कोण भरणार यावर ते अवलंबून आहे. रोज धंद्यात चालणाऱ्या जेट स्की तुमच्या किनाऱ्यावर असतील तर त्यांच्याच पोरांना पथकात घ्या. त्यांच्याइतका हात तुमचा दोन वर्षांतही बसणार नाही. स्वतः घेतलीत तर आठ महिने शेडमध्ये उभी राहील आणि नेमक्या दिवशी सुरू होणार नाही. असली इंजिनं दर दिवाळीत माझ्याकडे येतात, कार्ब्युरेटरमध्ये मीठ साचलेली. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, आणि वर्षासहलीवाले मात्र किनाऱ्यावर. त्या दोन महिन्यांत फुटणाऱ्या लाटांत कुठलंही यंत्र घालायचं नाही, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे असा नियम आहे की पथकातल्या एकानेही ‘नको’ म्हटलं तर कोणी पाण्यात जात नाही, आणि त्याला कारण विचारायचं नाही. नातेवाईक काठावर आक्रोश करत असताना तो पाळणं फार जड जातं. त्यांच्याशी बोलायला एकच माणूस ठेवा, शक्यतो वयाने मोठा, आणि त्याला शोधाचं दुसरं काम देऊ नका.

सहा लाखांतले पहिले साठ-सत्तर हजार लाइफ जॅकेट, रेस्क्यू ट्यूब, दोर, दुर्बीण, शिट्ट्या आणि भोंग्यात घाला. ड्रोन शोधाला उपयोगी पडतो, पण तो नंतर, परवानगीचे नियम बघून. उरलेले पैसे बँकेत राहू द्या आणि वर्षभर महिन्यातून दोन रविवार सराव करून बघा. वर्षाअखेरीस चौदातले आठ टिकले तर तुमचं पथक चांगलं आहे.

आणि १७ वर्षांचा मुलगा. घ्या त्याला, आईवडिलांची सही घेऊन, पण १८ पूर्ण होईपर्यंत पाण्यात नाही. त्याच्या हातात घड्याळ आणि वही द्या: फोन किती वाजता आला, कोण किती वाजता पाण्यात गेलं, कोण बाहेर आलं. आमच्याकडे हे काम अकरावीतली एक मुलगी करायची. एकदा एका लहान मुलाला आम्ही जिवंत बाहेर काढलं, रुग्णालयात पोचलो, आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाण्याखाली किती वेळ होता? आम्ही सात जण एकमेकांकडे बघत राहिलो. कुणी म्हणालं दहा मिनिटं, कुणी दोन. तिने वही उघडून सांगितलं, पावणेचार मिनिटं.